रामय्यांची नजर

रामय्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धे जमिनीत होते.

खड्डामागावर बसलेला माणूस तसाच दिसतो. घराच्या भुईत खड्डा घेतलेला असतो. विणकर त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो, पायांनी पावड्या दाबतो आणि वर हातांनी धोटा इकडून तिकडे फेकतो. मला हे ठाऊक नव्हतं. जन्म सोलापुरातला, नोकरी नव्या पेठेतल्या एका बँकेत, पांघरायची चादर गावच्याच मागावरची, आणि तिशी आली तरी मी माग जवळून पाहिला नव्हता. उंबऱ्यात उभा राहून मी त्या माणसाचे पाय शोधत होतो.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही. सुधाकरनं पाठवलंय. फिल्मसाठी."

"मग बसा की. एक वीत थांबा."

वीतभर कापड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबा, असं त्यांना म्हणायचं होतं. घड्याळ त्यांच्या घरात होतं, पण ते बंद होतं आणि कुणाला त्याची गरज पडत नसे. रामय्या सगळा वेळ कापडावर मोजत. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मम्मामामींनी, जेवायला हाक मारली की "चार बोटं" म्हणत. देवळात जाऊन येतो म्हणायचं तर "अर्ध्या हातानं येतो" म्हणत. आणि अर्ध्या हातानं खरंच येत.

ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची. सुधाकर कॉलेजात मराठी शिकवायचा. पुण्या-मुंबईला जाऊन चांगले चित्रपट बघून यायचा आणि आठ-आठ दिवस आम्हाला त्यांच्या गोष्टी सांगायचा. एक दिवस त्यानं ठरवलं की आता बघणं पुरे, आपण स्वतः एक बारा मिनिटांची फिल्म करायची. विषय हातमागाचा. पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत, घरोघरी खड्डे बुजत होते, यंत्रमाग येत होते. एक विणकर आपल्या मागावरचं शेवटचं लुगडं विणतो आणि कापून उतरवतो, एवढीच कथा. संवाद नाहीत, कारण आवाज घ्यायची सोयच नव्हती.

कुणालाही मोबदला नव्हता, ज्यानं त्यानं आपल्या हौसेनं यायचं. कॅमेरा एका डॉक्टरांनी परदेशातून आणलेला, किल्ली देऊन चालणारा. कॅमेरामन मी. पोरवयात एका फोटो स्टुडिओत वर्षभर काम केलं होतं, एवढीच माझी लायकी. पण मी ती फुगवून सांगितली होती. प्रकाशाचं काम इक्बालकडे. तो पत्र्याच्या पेट्या आणि नरसाळी करायचा. चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद पुठ्ठ्याला चिकटवून त्यानं असे झकास परावर्तक केले की खिडकीतलं ऊन उचलून खड्ड्यात नेऊन ठेवायचा.

विणकराच्या भूमिकेसाठी सुधाकरनं गावातला एक नावाजलेला हौशी नट आणला होता. धिप्पाड, खर्जातला आवाज. रामय्यांचं घर आणि माग फक्त चित्रीकरणासाठी हवा होता. पहिल्या दिवशी नटवर्य खड्ड्यात उतरले. रामय्यांनी त्यांना धोटा कसा धरायचा ते दाखवलं. नटांनी भावनेनं ओथंबून तो असा फेकला की धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून खाली घुसून थेट माझ्या पायाशी आला. वीस-बावीस धागे तुटले.

रामय्या मागाशेजारी उकिडवे बसले आणि एकेक धागा शोधून गाठ मारू लागले. अंगठा आणि बोट एकदा फिरायचं की गाठ झालेली असायची. डोळ्यांना ती दिसायचीसुद्धा नाही. शेवटचा धागा सांधून झाल्यावर ते सुधाकरकडे वळले.

"मास्तर, ह्यांचा आवाज लई चांगला हाय. ह्यांना कुटंतरी भाषण द्या. हितं मी बसतो."

इक्बाल पुठ्ठ्याआडून हसला. नटवर्यही दिलदार माणूस, तेही हसले आणि धोतर झटकून वर आले. रामय्या असे आमचे नायक झाले.

नायक झाले तरी नायकासारखं त्यांनी काही केलं नाही. सुधाकरनं नव्या पेठेतून आणलेलं पांढरंशुभ्र धोतर त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितलं, काठ चोळून "गिरणीचं हाय" असा निकाल दिला आणि परत केलं. "हे नेसून मागावर बसलो तर गल्ली म्हनंल, रामय्याचं परत लगीन हाय." मामी आतून म्हणाल्या, "कोण देतंय पोरगी?" रामय्या म्हणाले, "तेच की. म्हणून नको." आणि ते रोजच्या मळक्या बंडीतच बसले.

पण त्यांचं खरं रूप मला पुढच्या आठवड्यात दिसलं. धोट्याचा जवळून शॉट चालला होता. माझा फोकस चुकला. सुधाकर म्हणाला, "पुन्हा घेऊ." मी किल्ली दिली, इक्बालनं ऊन जाग्यावर आणलं, आणि बघतो तर रामय्या विणायच्या ऐवजी विणलेले धागे एकेक करून मागे काढतायत.

"मामा, काय करताय?"

"मघाशी सुरू केलं तवा कापड हितवर होतं." त्यांनी काठावर एक जागा दाखवली. तिथं त्यांनी एका पांढऱ्या धाग्याची खूण बांधून ठेवली होती. "आता चार बोटं पुढं गेलंय. तुमी दोनी जोडलं तर बघणाऱ्याला कळतंय की, कापड एकदम कसं वाढलं म्हणून."

सुधाकर आम्हाला आदल्याच दिवशी तासभर हेच समजावून सांगत होता, दोन शॉट जुळले पाहिजेत म्हणून. आता तो चष्मा पुसत बसला.

त्या दिवसापासून तसंच चाललं. दर वेळी शॉट चुकला की रामय्या चार बोटं उसवायचे. चूक कधी माझी, कधी सुधाकरची, कधी मध्येच शिंकणाऱ्या इक्बालची. उसवायचं रामय्यांनी. त्यांना कंटाळलेलं मी कधी पाहिलं नाही. विणताना असायचा तोच चेहरा उसवताना असायचा. मी एकदा माफी मागितली तर म्हणाले, "ब्यांकवाले, कागदावर चुकलं तर तुमी खोडता. खोडलेलं दिसतंय. सुताचं तसं न्हाय. उसवून परत विणलं की कायबी झालेलं नसतंय."

मामींना हे पटत नव्हतं. "एंदय्या इदि!" त्या कपाळाला हात लावून तेलुगूत म्हणायच्या, म्हणजे हे चाललंय तरी काय. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत सुरू व्हायच्या. "सकाळभर विणतंय, सकाळभर उसवतंय. गल्लीत बायका विचारतंय, मालक बरं हाय का म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, सिनेमात गेलंय," रामय्या म्हणायचे.

मामींनाही आम्ही फिल्ममध्ये घेतलं. काम एवढंच की चहाची बशी आणून मागाच्या काठावर ठेवायची आणि काही न बोलता जायचं. हे न बोलणं काही जमेना. "बशी ठेवून मुक्यानं कसं जाऊ? रोज सांगतंय की, गार होतंय म्हणून." सुधाकर म्हणाला, "मामी, बोला. आवाज येणारच नाही." झालं. मामी दर शॉटला तेलुगूत भरपूर बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला पुढे कळलं. देवळाच्या मंडपात पांढरं धोतर ताणून फिल्म दाखवली तेव्हा पडद्यावर मामींचे नुसते ओठ हलले आणि बायकांची बाजू हसून लोळायला लागली. त्या चष्मेवाल्या मास्तरला काही कामधंदा नाही का, त्याची बायको त्याला घरात घेते तरी कशी, असं मामी म्हणत होत्या. गल्लीतल्या बायकांनी ते ओठांवरून शब्दन्‌शब्द वाचलं. सुधाकरच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिला कुणीतरी भाषांतर करून दिलं, आणि तीही हसली.

इथवरचं लिहायला मला आनंद होतो. पुढचं लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली.

शेवटचा शॉट म्हणजे लुगडं कापून उतरवण्याचा. हा एकदाच होणार होता. बाकी सगळं उसवता येतं, कापलेलं नाही. शिवाय हे केवळ फिल्ममधलं शेवटचं लुगडं नव्हतं. रामय्यांचा मुलगा व्यंकटेश यंत्रमाग आणत होता आणि तो त्याच खोलीत, त्याच जागी बसणार होता. येत्या सोमवारी गवंडी येऊन खड्डा बुजवणार होता. तो खड्डा रामय्यांच्या वडिलांनी घेतलेला. रामय्या स्वतः बारा वर्षांचे असताना त्यात उतरले होते. ते आम्हाला कधी काही मागत नसत, पण आदल्या दिवशी सुधाकरला म्हणाले, "मास्तर, उद्याचं तेवढं नीट येऊ द्या. माती पडल्यावर मला हे कुटं बघायला मिळणार?"

सकाळी नऊला खिडकीतून ऊन आत येई आणि साडेदहाला निघून जाई. मी उशिरा पोचलो. घाईघाईत रीळ भरलं. मामींनी मागाला हळदकुंकू लावलं. रामय्यांनी कात्री कपाळाला टेकवली. मी बटण दाबलं.

कॅमेरा गुरगुरला, पण त्याचा आवाज मला किंचित हलका वाटला. एवढंच. मला तेव्हाच थांबा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. छिद्राला डोळा लावून बघत राहिलो, कारण जे दिसत होतं ते फार सुंदर होतं. रामय्यांनी कात्री उघडली, कापडाला लावली, आणि कापायच्या आधी क्षणभर थांबून मान वर केली. मग कापलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता. लुगडं मांडीवर घेऊन घडी घातली. सुधाकरच्या डोळ्यांत पाणी होतं. इक्बाल म्हणाला, "वाह मामू. दिल खुश कर दिया."

दुपारी घरी येऊन, फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून मी कॅमेरा उघडला. बोटांना रीळ लागलं. जसं भरलं होतं तसंच, गच्च. फिल्मचं टोक दात्यांवर बसवायलाच मी विसरलो होतो. आतली यंत्रणा फिरत राहिली आणि फिल्म जागची हलली नव्हती. एक चित्रही उमटलं नव्हतं.

संध्याकाळी मी सुधाकरकडे गेलो. खरं सांगायला गेलो होतो, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यानं दार उघडताच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुण्याचा कॅमेरामन बोलवायचा म्हणत होतो मी. बरं झालं नाही बोलवला." आणि माझ्या तोंडून निघालं,

"शॉट गेला रे. रामय्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली. ऐन कापताना."

छिद्रातून बघणारा मी एकटाच होतो आणि रिळं धुवायला पाठवायचं कामही माझ्याकडेच होतं. माझं म्हणणं तपासायला कुणाकडे काही साधन नव्हतं. दुसऱ्या दिवशी इक्बाल पुटपुटला, "मेरेकू तो वैसा नहीं दिखा." त्याला मी म्हणालो, "तू खिडकीत होतास. तुला काय दिसणार?" आयुष्यात मी इतक्या कडक आवाजात दोन-तीनदाच बोललो असेन.

रामय्यांना आम्ही तिघांनी मिळून सांगितलं. ते मागापाशीच बसले होते. वर फक्त ताण्याची कापलेली टोकं लोंबत होती. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझी नजर गेली?"

मी मान हलवली.

"गेली असंल. कात्री लावताना मन भरून आलं होतं. कुटं बघतोय ते कळलं न्हाय." मग सुधाकरकडे वळून म्हणाले, "मास्तर, माझ्याकडनं चूक झाली."

सुधाकर म्हणाला, "मामा, जाऊ द्या. तेच लुगडं परत मागावर टाचून नुसतं कापल्यासारखं करू."

"टाचून?" रामय्यांना ते पहिल्यांदा समजलंच नाही. समजल्यावर म्हणाले, "छे. टोकं हायत अजून. नवा ताणा जोडतो. परत विणतो."

"किती दिवस लागतील?"

"अठरा हात," रामय्या म्हणाले.

टोकं म्हणजे हजारांवर धागे. जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचं एकेक टोक पीळ देऊन जोडायचं. रामय्या एका बाजूनं आणि मामी दुसऱ्या बाजूनं बसल्या, आणि दोघं मध्ये भेटेपर्यंत अडीच दिवस गेले. सोमवारी गवंडी आला आणि परत गेला. बुधवारी व्यंकटेशचा यंत्रमाग आला. तो घरात घ्यायला जागा नव्हती, म्हणून गल्लीत बारदान टाकून झाकून ठेवला. व्यंकटेश बापाशी बोलेना. पोरं त्या यंत्रावर चढून खेळायला लागली. आत रामय्या विणत होते.

मी रोज बँकेत जाण्याआधी तिथं जायला लागलो. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायचो. फिल्मसाठी मी फारच कष्ट घेतो, असं मामींना वाटायला लागलं. त्यांनी मला चहाबरोबर खारी द्यायला सुरुवात केली. मी ती चहात बुडवून खायचो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज काहीतरी व्हायचं. खरं तर काहीच व्हायचं नाही, मीच सांगायचो नाही.

एकदा गेलो तर कॅमेरा जिथं ठेवायचो त्या जागी एक डबा टांगलेला, आणि मामी समोर बसून रामय्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतायत.

"हे काय?"

"सराव," रामय्या म्हणाले. "तो डबा म्हणजे तुमचा क्यामेरा. मी विणतो. हिनं बघायचं, डोळं तिकडं जातंय का. काल दोनदा गेलं. आज एकदाबी न्हाय."

"एकदा गेलं," मामी म्हणाल्या.

"ती माशी होती."

मी हसलो. तेव्हा हसलो याची मला आजही लाज वाटते.

लुगडं तेराव्या दिवशी पूर्ण झालं. या वेळी मी रीळ तीनदा तपासलं. रामय्यांनी कात्री घेतली, कापडाला लावली, नजर तिच्यावरून जराही न हलवता या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं. शॉट निर्दोष झाला. फिल्म ज्यांनी पाहिली त्या सगळ्यांनी त्याची वाखाणणी केली. मंडपात तो आला तेव्हा मघाशी हसून लोळणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. रामय्या पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. संपल्यावर मला म्हणाले, "न्हाय गेली बघा नजर."

खड्डा मात्र लुगडं उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी बुजला होता.

दोन वर्षांनी माझी बदली मंगळवेढ्याला झाली, तिथून सांगोल्याला. एस्टीनं महिन्या-दोन महिन्यांनी सोलापूरला यायचो, पण पूर्व भागाकडे पाय वळत नसे. सहा वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी मनाशी घट्ट ठरवून गेलो.

गल्लीतूनच यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत होता. खोलीत जागच उरली नव्हती. व्यंकटेश मागापाशी उभा होता. रामय्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून कापड तपासत होते. मला बघून उठले, दोन्ही हात धरले, ओरडून म्हणाले, "ब्यांकवाले! वाळलात की!" मामी चहा घेऊन आल्या. ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ख्यालीखुशालीसुद्धा भांडल्यासारखी चालली होती.

भिंतीवर फोटो होते. मुलीच्या लग्नाचा मोठा, चौकटीतला. नवरानवरी, मामी, व्यंकटेश, वऱ्हाडी, सगळे समोर बघत होते. एकटे रामय्या डावीकडे, फोटोच्या बाहेर कुठंतरी बघत होते. शेजारी नातवाच्या बारशाचा, त्यातही तसंच. देवळाच्या कमिटीच्या फोटोत अकरा माणसं समोर बघतायत आणि बारावे रामय्या छताकडे.

मामींनी माझी नजर टिपली. "बघा की!" त्या ओरडल्या. "एका फोटोत धड न्हाय! फोटोवालं सांगून सांगून दमतंय, समोर बघा, समोर बघा. हे ऐकतच न्हाय!"

रामय्या अभिमानानं ओरडले, "ह्यांनीच शिकवलंय! क्यामेऱ्याकडं बघायचं न्हाय!"

मग मला धीर धरवेना. त्या खडखडाटात मी ओरडलो, "मामा, तुमची नजर गेली नव्हती!"

त्यांनी कानाला हात लावला.

"त्या दिवशी! पहिल्या वेळी! गेली नव्हती! मी—"

आणि लाईट गेली. माग थांबला. सगळ्या गल्लीतले माग थांबले.

"—खोटं बोललो होतो!"

एवढे शब्द त्या शांततेत पडले. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावून पाहिलं. व्यंकटेश वळला. मी मान खाली घालून बाकीचं हळू आवाजात सांगितलं. रीळ, दाते, काळी पिशवी, सुधाकरचा खांद्यावरचा हात, इक्बालला दटावणं, सगळं. सुधाकरला मात्र हे आज वाचूनच कळेल. त्याच्याही समोर मी उभा राहायला हवं होतं.

आधी व्यंकटेश बोलला. "इतके दिवस माग बाहेर होता माझा," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. त्याचं काही चुकलं नाही.

मग रामय्या म्हणाले, "ते तेरा दिवस... त्याचं मला कायबी न्हाय. उलट लई बरं झालं. सोमवारीच माती पडणार होती. आणि अठरा हात बसायला मिळालं मला." ते लग्नाच्या फोटोकडे बघत होते. "पण पोरीच्या लग्नातला फोटो बिघडला की हो."

"होय मामा."

"हे काय उसवून परत हुनार न्हाय."

"नाही."

त्यांनी मान हलवली. राग होता, पण थोडा होता आणि खरा होता. मला तो हवाच होता. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. कपाळाला आठ्या घालून ते काहीतरी जुळवत होते.

"मग मी कुटं बघत होतो?"

"काय?"

"कापायच्या आधी मी वर बघितलं, एवढं मला आठवतंय. क्यामेऱ्याकडं बघितलं न्हाय म्हणता. मग कुटं बघत होतो? तुमी तर बघत होता की छिद्रातनं."

मी बघत होतो. जगात ते पाहिलेला मी एकटाच माणूस. फिल्ममध्ये ते नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी कात्रीवरून डोळे हलवले नाहीत, आणि ते माझ्यामुळे.

"मामींकडे," मी म्हणालो. "त्या दारात उभ्या होत्या, हातात हळदकुंकवाचं ताट होतं. तुम्ही आधी त्यांच्याकडे बघितलं. मग कापलं."

मामींनी माझ्या हातातला कप घेतला. त्यात चहा अजून अर्धा होता. कप घेऊन त्या आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला नाही.

मी चपला घातल्या. गल्लीत पोचतो तोच लाईट आली आणि सगळे माग एकदम सुरू झाले. निरोप घ्यायचा राहिला होता म्हणून मी मागं वळून दारातून आत पाहिलं. रामय्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मांडीवरचं कापड खाली घसरत चाललं होतं आणि ते आतल्या दाराकडे बघत होते. मी हाक मारली नाही.